बर्फातल्या मुक्कामासाठी ट्रकचा हीटर

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात वडिलांच्या वेळेपासून आमचा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे. आज घरच्या सहा गाड्या आहेत. पीथमपूर आणि देवासच्या कारखान्यांतून औषधे, सोयाबीनचे तेल आणि यंत्रांचे सुटे भाग भरून त्या जम्मू-श्रीनगरला जातात, रस्ता उघडला की लेहपर्यंत जातात आणि परतीच्या फेरीत चोइथराम मंडीसाठी सफरचंद घेऊन येतात. डिसेंबरात पारा सात-आठ अंशांवर उतरला की आपण इंदूरकर कानटोप्या शोधू लागतो. शून्याखाली दहा-पंधरा अंशांत उभ्या ट्रकमध्ये रात्र काढणे म्हणजे काय, याची कल्पना इथे बसून येत नाही. मलाही ती नव्हती. ज्या माणसांना आपण तिकडे पाठवतो त्यांच्या केबिनमध्ये रात्री ऊब कशी राहते, हा प्रश्न व्यवसायाच्या पहिल्या वीस वर्षांत मी एकदाही विचारला नाही. तो विचारण्याची वेळ एका अपघाताने आणली. त्यानंतर हीटर निवडण्याविषयी आणि बसवण्याविषयी जे शिकलो, ते माझ्यासारख्या इतर गाडीमालकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस जी कडक थंडी पडते तिला तिथे ‘चिल्ले कलां’ म्हणतात, ते दिवस चालू होते. शीतगृहातील सफरचंद भरून आमची गाडी निघाली, पुढे दरड कोसळून महामार्ग बंद झाला आणि काझीगुंडला ट्रकांच्या लांबलचक रांगेत ती अडकून पडली. तिसऱ्या रात्री आमच्या ड्रायव्हरने, ज्यांना आम्ही सगळे उस्ताद म्हणतो, पत्र्याच्या डब्याला भोके पाडून शेगडी केली, बाहेर कोळसा पेटवला, निखारे लाल झाल्यावर ती केबिनमध्ये पायांशी आणून ठेवली, काचा वर केल्या, दाराच्या फटींत गोणपाट कोंबले, आणि तो व क्लीनर असे दोघे झोपी गेले. पहाटे मागच्या गाडीचा पंजाबी ड्रायव्हर चहासाठी हाक मारायला आला. दार ठोठावूनही उत्तर येईना, तेव्हा त्याने काचेवरचे दव बाहेरून पुसून आत पाहिले. क्लीनरचा हात सीटवरून खाली लोंबत होता. त्याने जॅकच्या दांड्याने काच फोडली. त्या भल्या माणसाचे नावही आम्हाला पुढे कळले नाही, पण त्याच्यामुळे दोन घरे वाचली. उस्ताद चार दिवसांत उठून बसले. क्लीनर देपालपूरकडच्या एका खेड्यातला, जेमतेम बावीस वर्षांचा पोरगा. घरी आल्यावरही दोन महिने तो बोलता बोलता मध्येच थांबत असे, आणि आपण काय सांगत होतो ते त्याला आठवत नसे. मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या आईने मला बसायला खाट दिली, पाणी दिले आणि एवढेच विचारले, “भैया, इसको बता के भेजा था क्या, वहाँ कितनी ठंड है?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

उस्ताद मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत राहिले की, “धुआँ तो पूरा निकल गया था.” चूक नेमकी इथेच होते. धूर दिसतो, डोळ्यांना झोंबतो, म्हणून माणूस त्याला भितो आणि तो निघून गेला की निर्धास्त होतो. लाल निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, त्याने ठसकाही लागत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते, त्यामुळे श्वास चालू असला तरी शरीर गुदमरत जाते. जागा माणूस डोके दुखते, मळमळते म्हणून दार उघडून बाहेर येईल. दिवसभर गाडी हाकून थकलेला माणूस त्या गुंगीलाच झोप समजतो. उत्तरेत दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या किंवा केबिनमधल्या शेगडीने माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. कोळसा असो, लाकूड असो किंवा गॅसची छोटी शेगडी असो, बंद केबिनमध्ये जळणारी कोणतीही वस्तू झोपताना नको, हे वाक्य मी आता प्रत्येक फेरीच्या आधी ड्रायव्हर आणि क्लीनर दोघांसमोर बोलतो.

मात्र ‘शेगडी पेटवू नका’ एवढे सांगून आपण मोकळे होऊ शकत नाही, कारण मग रात्रीचे काय, हा प्रश्न उरतोच. गाडीत कंपनीने दिलेला जो हीटर असतो तो इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो. इंजिन बंद केले की अर्ध्या-पाऊण तासात तो केवळ पंखा होऊन बसतो. इंजिन रात्रभर चालू ठेवावे, तर मोठ्या ट्रकचे इंजिन उभ्या उभ्या तासाला सुमारे दोन-तीन लिटर डिझेल पिते. दहा तासांच्या रात्रीला वीस लिटर धरले आणि लिटरला नव्वद रुपये धरले, तरी एका मुक्कामाला अठराशे रुपये होतात, आणि रांग पाच दिवस हलली नाही तर भाड्यातला नफा तिथेच जळून जातो. शिवाय मंद गतीवर तासन्‌तास चाललेल्या इंजिनमध्ये काजळी धरते, आणि सायलेन्सरभोवती बर्फ साचला तर तोच वायू फटींमधून केबिनमध्ये शिरू शकतो. ड्रायव्हरला हा सगळा हिशेब ठाऊक असतो. मालक डिझेलचा जाब विचारील या भीतीने तो इंजिन बंद करतो आणि शेगडी पेटवतो. म्हणून त्या शेगडीची जबाबदारी मी उस्तादांवर टाकत नाही, ती माझी होती.

इथे एका सरकारी निर्णयाचा उल्लेख करावासा वाटतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. या निर्णयाचे मी मनापासून स्वागत करतो, कारण मे महिन्यात आग्रा-मुंबई रस्त्यावर केबिनची जी भट्टी होते ती मी स्वतः सोसली आहे. पण हे वातानुकूलन इंजिन चालू असतानाचे आहे. उभ्या गाडीत, बंद इंजिनात, बर्फावर झोपणाऱ्या माणसाचा विचार अजून कोणत्याही नियमात मला दिसत नाही. तो आपण मालकांनीच करायचा आहे.

त्यासाठी जे साधन आहे ते म्हणजे डिझेलवर चालणारा स्वतंत्र हीटर. युरोपात आणि रशियात लांब पल्ल्याच्या ट्रकांवर तो सर्रास असतो. जर्मनीच्या वेबास्टो आणि एबरस्पेशर या कंपन्या अनेक दशके हेच काम करत आल्या आहेत. त्याचे काम समजायला अवघड नाही. एका लहानशा बंद कोठीत टाकीतले डिझेल थेंबाथेंबाने जळते. जळायला लागणारी हवा केबिनच्या बाहेरून एका नळीने येते आणि जळून झालेला धूर दुसऱ्या नळीने बाहेरच जातो. त्या कोठीवर ॲल्युमिनियमच्या पात्यांचे आवरण असते; पंखा केबिनमधली हवा त्या गरम पात्यांवरून फिरवून परत केबिनमध्ये सोडतो. जळणारी हवा आणि श्वासाची हवा या दोन वाटा कुठेही एकमेकींना मिळत नाहीत, आणि शेगडी व हीटर यांच्यातला सगळा फरक या एका गोष्टीत आहे. दोन किलोवॅटचा असा हीटर पूर्ण जोरावर तासाला पाव लिटरच्या आसपास डिझेल घेतो, मंद चालला की त्याच्या निम्मे. म्हणजे रात्रीला साधारण दोन लिटर.

बाजारात याच नावाने दोन निरनिराळी उपकरणे मिळतात आणि विकणारे ते नीट सांगत नाहीत. वर वर्णन केलेला हवेचा हीटर केबिनसाठी असतो. दुसरा पाण्याचा हीटर इंजिनच्या कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, फेऱ्यात बसतो आणि इंजिन सुरू करण्यापूर्वीच त्यातले पाणी गरम करतो. लडाखात पहाटे सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, मग लोक टाकीखाली किंवा ऑइल चेंबरखाली चिंध्यांचा पलिता पेटवतात. हे जीवघेणे काम पाण्याच्या हीटरने टळते. मात्र तो कूलंटच्या टाकीच्या पातळीपेक्षा खाली बसला पाहिजे, नाहीतर त्याच्या फेऱ्यात हवा अडकते आणि हीटर तापून बंद पडतो. दोन्ही घेता आले तर उत्तमच. एकच घेण्याची ऐपत असेल तर आधी हवेचा घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण गाडी उशिरा सुरू झाली तर माल उशिरा पोहोचेल इतकेच. आत माणूस झोपलेला आहे.

किती किलोवॅटचा घ्यावा, यात बहुतेक जण फसतात, आणि मीही फसलो. जास्त ताकद म्हणजे जास्त सुरक्षितता असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात एका सीटमागच्या झोपण्याच्या फळीसह असलेल्या नेहमीच्या केबिनला दोन किलोवॅट पुरतात. गरजेपेक्षा मोठा हीटर केबिन दहा मिनिटांत तापवतो आणि मग रात्रभर अगदी मंद जळत राहतो. मंद ज्योतीत डिझेल पुरते जळत नाही, कोठीत काजळी साठते आणि एखाद्या हंगामात हीटर पेटेनासा होतो. स्वस्त संचांवर पाच किंवा आठ किलोवॅट असे ठळक अक्षरांत छापलेले असते, पण आतली कोठी अनेकदा दोन किलोवॅटच्या संचाएवढीच असते. तेव्हा आकड्यावर न जाता संचाची पुस्तिका मागावी, तीत तासाला किती डिझेल जळते ते पाहावे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा किलोवॅट-तासांची उष्णता असते, त्यामुळे तासाला पाव लिटर जाळणारा हीटर पाच किलोवॅट देऊच शकत नाही, हा हिशेब दहावीचा विद्यार्थीही करील. आणि हीटर घेण्याआधी केबिन पाहावी. आपल्याकडे अजूनही कितीतरी गाड्यांच्या केबिन चासीवर स्थानिक मिस्त्रीने लाकूड आणि पत्र्याने बांधलेल्या असतात. गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर फाटलेले, दाराची बिडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, निघालेली, फळ्यांमध्ये बोटभर फटी. आम्ही दोन गाड्यांच्या फटी बुजवल्या, छताला आणि मागच्या भिंतीला आतून जाड फोमचा थर दिला. तेवढ्याने फरक पडला.

उंचीचा मुद्दा इंदूरच्या दुकानात कोणी काढत नाही, पण तो काढला पाहिजे. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे, लेह ३,५०० मीटरवर, आणि मनालीहून लेहला जाताना बारालाचा ला सुमारे ४,९०० मीटरवर तर तांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर आहे. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. अनेक साध्या हीटरांची जुळणी सुमारे १,५०० मीटरपर्यंतची असते. त्याच्या वर पंप तेवढेच डिझेल सोडत राहतो पण जाळायला हवा कमी पडते. ज्योत धूर ओकू लागते, काजळी धरते आणि अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइडही वाढतो. उंचीप्रमाणे डिझेलचे प्रमाण आपोआप कमी करणारे संच मिळतात, काहींना तसा वेगळा जोड बसवता येतो. गाडी लेहकडे जाणार असेल तर अशी सोय नसलेला हीटर घेऊच नये.

आता बसवण्याविषयी, कारण या पत्राचे खरे कारण तेच आहे. अपघातानंतर महिनाभरात मी घाईघाईने एक स्वस्त संच मागवला आणि इथल्याच एका गॅरेजमध्ये बसवून घेतला. मेकॅनिकने आयुष्यात तो पहिल्यांदाच पाहिला होता. त्याच्या हुशारीविषयी मला शंका नव्हती आणि आजही नाही, पण पुस्तिका ना त्याने वाचली ना मी. हीटर चालू झाला, गरम हवा आली, आम्ही पेढे वाटले. आठ दिवसांनी गाडी यार्डात उभी असताना उस्ताद म्हणाले की डोके जड होते आहे. मी टॉर्च घेऊन केबिनखाली आडवा झालो. धुराची नळी सीटखालच्या तळातून खाली आली होती आणि तिचे तोंड हवा आत घेणाऱ्या नळीपासून वीतभर अंतरावर, तिच्याच दिशेने वळवलेले होते. म्हणजे हीटर स्वतःचाच धूर पुन्हा ओढून जाळत होता. तळाला पाडलेले भोक गरजेपेक्षा मोठे होते, हीटरच्या बैठकीखालचे गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी चकती, पिशवीतच राहिले होते, आणि तो धूर त्या भोकातून सरळ केबिनमध्ये वर चढत होता. नळी ज्या लाकडी फळीतून गेली होती तिची कड कोळशासारखी काळी पडली होती. तिच्या शेजारून ब्रेकच्या हवेची नायलॉनची नळी गेली होती, तिच्यावर बोट ठेवले तर ती मऊ लागली. मी तिथेच, गाडीखाली, बराच वेळ पडून राहिलो. शेगडी बाहेर काढून मी तीच शेगडी तळाखाली बसवून दिली होती.

तो हीटर त्याच दिवशी काढला. पुढे पुस्तिका समोर ठेवून, पुण्याहून आलेल्या एका जाणत्या फिटरच्या हाताखाली आम्ही सगळे काम नव्याने केले, आणि कोणती गोष्ट का करायची हे प्रत्येक वेळी विचारून घेतले. धुराची नळी स्टेनलेस स्टीलचीच हवी, ती जिथून तळाबाहेर येते तिथे लाकडाला किंवा रबराला कुठेही टेकता कामा नये, तिच्यावर उष्णतारोधक वेष्टन हवे, आणि डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या व वायरिंग यांच्यापासून ती दूर न्यायला हवी. तिचे तोंड केबिनच्या बाहेर, खाली किंवा बाजूला असावे. पुढे नको, म्हणजे चालत्या गाडीचा वारा आणि चिखल आत जाणार नाही. नळीच्या सर्वांत खालच्या वळणाला एक लहान भोक ठेवावे, कारण धुरातली वाफ तिथे पाणी होऊन साचते आणि त्या थंडीत गोठून नळीच बंद करते. हवा आत घेणारी नळी दुसऱ्या बाजूला न्यावी. बैठकीखालचे गॅस्केट बसवल्याशिवाय बोल्ट आवळू देऊ नये. गॅस्केटची किंमत पन्नास रुपयेही नसेल, पण केबिन आणि धूर यांच्यामध्ये फक्त तेच असते.

डिझेलच्या वाटेत आम्ही तीन चुका केल्या होत्या. पंप आडवा, सपाट ठेवला होता. तो बाहेर जाणारे तोंड वर राहील असा तिरका बसवायचा असतो, म्हणजे बुडबुडे पुढे निघून जातात, नाहीतर लाइन एअर धरते आणि ज्योत मध्येच विझते. नळी आम्ही इंजिनला वापरतो तशी जाड घेतली होती. हीटरला दोन मिलिमीटर आतील व्यासाचीच नळी लागते, कारण थेंबाथेंबाने येणारे डिझेल जाड नळीत भरून राहत नाही. आणि इंजिनच्या परतीच्या लाइनला टी जोडून डिझेल घेतले होते. आता टाकीत स्वतंत्र नळी सोडली आहे, तळापासून चार बोटे वर. त्यामुळे तळाची घाण व पाणी ओढले जात नाही आणि हीटर कितीही चालला तरी गाडी हलवण्यापुरते डिझेल टाकीत शिल्लक राहते.

विजेची चूक तर इतकी सर्रास होते की तिच्यासाठी वेगळे लिहिलेच पाहिजे. ट्रकला बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. स्वस्त संच बारा व्होल्टचा मिळाला म्हणून गॅरेजवाले दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून तार घेतात. मग ती बॅटरी रोज उतरते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते आणि दोन महिन्यांत जोडीच बाद होते. संच चोवीस व्होल्टचाच घ्यावा. चालू असताना तो एक अँपिअरच्या आसपास, म्हणजे रात्रभरात सात-आठ अँपिअर-तास घेतो, आणि चांगल्या बॅटरीला ते जड नाही; पण पेटताना पहिली काही मिनिटे ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी तापती कांडी, त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो. तार बारीक असेल तर नेमक्या त्याच वेळी व्होल्टेज पडते, हीटरचे नियंत्रक बॅटरी उतरली असे समजून तो बंद करते, आणि सगळे जण चांगली बॅटरी बदलत बसतात. कडाक्याच्या थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, हेही धरून चालावे. तार जाड, थेट बॅटरीपासून आणि बॅटरीजवळच फ्यूज लावून आणावी.

डिझेलविषयी ड्रायव्हरांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, तरी एक गोष्ट नोंदवतो. इंदूरला भरलेले डिझेल मोठ्या थंडीत मेणासारखे धरू लागते, आणि इंजिनच्या आधी हीटरची बारीक नळी बंद होते, कारण इंजिनकडून गरम डिझेल टाकीत परत येते, हीटरच्या नळीला तसा आधार नसतो. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. टाकी शक्य तेवढी रिकामी करत वर जावे आणि ते डिझेल तिथे भरावे, व भरल्यावर लगेच हीटर थोडा वेळ चालवावा, म्हणजे नळीतही नवे डिझेल पोहोचते. डिझेलमध्ये पेट्रोल मिसळण्याचा जुना उपाय काही जण अजून सांगतात. हीटर असलेल्या गाडीत तो कोणीही करू नये.

वापरणाऱ्याला शिकवल्याशिवाय गाडी पाठवणे हे अर्धे काम झाले. आमच्या तिन्ही गाड्यांवर, जिथे आता हीटर आहेत, हे काम उस्तादांनी स्वतःकडे घेतले आहे. ते नव्या ड्रायव्हरला सांगतात की हीटर त्याच्या बटणानेच बंद करायचा आणि पंखा थांबेपर्यंत, म्हणजे चार-पाच मिनिटे, बॅटरीचा मुख्य कट-ऑफ फिरवायचा नाही, कारण आतली तापलेली कोठी थंड व्हायची असते. पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी हीटर बंद केलेला असला पाहिजे. आत ज्योत आहे हे विसरायचे नाही. तेल, रसायने किंवा पेट घेणारा कोणताही माल चढवता-उतरवताना हाच नियम. रात्री बर्फ पडत असेल तर झोपण्यापूर्वी आणि मध्येच जाग आली तर खाली उतरून धुराच्या नळीचे तोंड मोकळे आहे का ते पाहायचे. आठवड्यातून एकदा अर्धा तास पूर्ण जोरावर चालवून काजळी जाळून टाकायची, आणि उन्हाळ्यात इथे यार्डातसुद्धा महिन्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटे हीटर पेटवायचा, म्हणजे पंप आणि पंखा जाम होत नाहीत. चालू असताना पंपाचा टिकटिक असा आवाज येतो. उस्ताद म्हणतात की तो आवाज लयीत असेल तर सगळे ठीक आहे, अडखळू लागला तर उठायचे.

आणि हीटर कितीही चांगला असला, कितीही नीट बसवला असला, तरी प्रत्येक केबिनमध्ये उशाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. बॅटरीवर चालणारी ही डबी हातात मावते. घेताना ती गाड्या आणि बोटींसाठीच्या युरोपीय मानकाची आहे का ते पाहावे; त्या मानकाप्रमाणे हवेत दहा लाखांत ३०० भाग इतका वायू झाला की तिने तीन मिनिटांच्या आत ओरडायला हवे. नामांकित हीटरच्या किमतीत स्वस्त बनावटीचे चार-पाच संच येतात हे मला मान्य आहे आणि लहान मालकाची ओढाताण मी जाणतो. ज्याला या वर्षी हीटर परवडत नाही त्याने निदान ही डबी घ्यावी, जाड रजया द्याव्यात आणि अडकलेल्या रात्री इंजिन चालू ठेवले तर डिझेलचा जाब विचारणार नाही असे ड्रायव्हरला तोंडाने सांगावे. ते ड्रायव्हरच्या कानावर पडणे गरजेचे आहे.

काही गोष्टी एकट्या मालकाच्या हातच्या नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधने आहेत, ती योग्यही आहेत, पण हीटर बसवणे हा त्यात येणारा बदल आहे की साधी जोडणी, हे परिवहन विभागाने स्पष्ट लिहून द्यावे, म्हणजे तपासणीत अडवणूक होणार नाही आणि अपघातात विम्याचा दावा त्यावर अडणार नाही. युरोपात वाहनांच्या हीटरसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १२२ लागू आहे. त्याच्या कसोटीला उतरलेले संचच इथे ट्रकसाठी विकले जावेत. आपल्या दाराशी, पीथमपूरला, वाहन चाचणीचे नॅट्रॅक्ससारखे राष्ट्रीय केंद्र आहे आणि ट्रक बनवणारा मोठा कारखाना आहे. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या मुलांना हीटर बसवण्याचे चार दिवसांचे शिक्षण इथे देता येणार नाही असे मला वाटत नाही. वाहतूकदार संघटनांनी यंदाच्या बैठकीत भाडेवाढीबरोबर हाही विषय घ्यावा. आणि काश्मीरकडे माल पाठवणाऱ्या व्यापारी बंधूंना विनंती अशी की त्या मार्गाच्या भाड्याची घासाघीस करताना हीटर असलेल्या गाडीचे चार पैसे जास्त द्यावेत. इन्सुलिनसारखी औषधे गोठू नयेत म्हणून तुम्ही खोक्यांची जेवढी काळजी घेता तेवढीच ही आहे.

तो देपालपूरचा मुलगा आता पूर्ण बरा आहे आणि इंदूर-अहमदाबाद फेरीवर उस्तादांच्या भाच्याबरोबर जातो. वर जायचे नाही असे त्याच्या आईने सांगितले आहे आणि मी तिचा शब्द मोडणार नाही. आमच्या हीटर बसवलेल्या गाड्यांपैकी एखादी तरी बहुतेक रविवारी सकाळी ट्रान्सपोर्ट नगरच्या यार्डात उभी असते. ज्या मालकाला किंवा मेकॅनिकला नळ्या कशा नेल्या आहेत, पंप कसा तिरका आहे, गॅस्केट कुठे आहे हे डोळ्यांनी पाहायचे असेल त्याने जरूर यावे. उस्ताद स्वतः टॉर्च घेऊन गाडीखाली झोपून दाखवतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाहतूक व्यावसायिक,
ट्रान्सपोर्ट नगर, इंदूर